दुसरा लोलक

प्रिय बंडू,

दिवाळीनंतर ना फोन, ना पत्र. रागावला असशील तर बरोबरच आहे. इकडे सगळे ठीक, माझी शुगर गोळीवर आहे. लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं. ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळायचं नाही.

परवा दहावीला प्रकाशाचं अपस्करण, म्हणजे उन्हाचं रंगांत फुटणं, घेत होतो. फळ्यावर लोलकाचा त्रिकोण, डावीकडून एक रेघ, उजवीकडे सात. वर्गाकडून ‘तानापिहिनिपाजां’ म्हणवून घेतलं. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. “सर, रंग उन्हातच होते कशावरून? काचच रंगवत असेल तर?” तास संपायला चार मिनिटं होती, पोर्शन मागे पडलेला. मी म्हणालो, “पेपरात विचारतात तेवढं लिही.”

हे वाक्य कुणाचं, ते तुला सांगायला नको. नववीत तू हेच विचारलंस आणि तुला हेच ऐकावं लागलं. मधल्या सुट्टीत नळापाशी तू रडत होतास आणि मी शपथ घेतली होती, की मास्तर झालो तर असं कधी बोलणार नाही. मुलगी खाली बसली, पेनाचं टोपण लावलं. आज तिसरा दिवस, तिनं हात वर केलेला नाही. बंडू, मला अन्न गोड लागत नाही रे.

तुमच्या माडीवरची अडगळ आठवते? जुन्या झुंबराचे ते दोन लांब, तीन कडांचे लोलक. एक तुझा, एक माझा. पत्र्याला खिळ्याचं भोक होतं, त्यातून उन्हाची सळई उतरायची आणि धूळ तिच्यात पोहायची. मी लोलक आडवा धरला आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर पट्टा पडला. खाली ताई ओरडत होती, माडीवर घुशी झाल्यात म्हणून! भोक गोल, सूर्य गोल, मग डाग लांबट का, यावर आपण संध्याकाळपर्यंत भांडलो. तू म्हणालास काच रंगवते, मी म्हणालो रंग उन्हातलेच. मग चार महिने अबोला. (सायकलची हवा तूच सोडलीस, ते अजून कबूल केलेलं नाहीस.) आणि उत्तर तर आपल्या दोघांच्या खिशांत होतं, अर्धं अर्धं.

तुझं मत न्यूटनच्या काळच्या भल्याभल्या विद्वानांचंही होतं. न्यूटनलाही तोच लांबट डाग छळत होता. १६७२ साली रॉयल सोसायटीला पाठवलेल्या पत्रात त्यानं मापंच दिली आहेत: भोक पाव इंचाचं, भिंत २२ फुटांवर, पट्टा सव्वातेरा इंच लांब, म्हणजे रुंदीच्या पाचपट. मग त्यानं फळीच्या छिद्रातून एकच रंग पुढं सोडला आणि दुसऱ्या लोलकात घातला. काच रंगवत असती, तर तिनं तांबड्यालाही पुन्हा रंगवलं असतं. पण तांबडा तांबडाच राहिला, फक्त वळला. जांभळा त्याच लोलकात त्याच्याहून जास्त वळला.

काचेत जांभळा जास्त मंदावतो, म्हणून जास्त वळतो. साध्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश तिच्यात किती पट मंदावतो तो आकडा, तांबड्याला साधारण १.५१, जांभळ्याला १.५३. एवढ्याशा फरकावर तो सगळा पट्टा उभा! खिडकीच्या काचेच्या बाजू समांतर, म्हणून आत शिरताना पडलेलं वळण बाहेर पडताना फिटतं. लोलकाच्या बाजू तिरक्या, तिथं दुसरं वळण पहिल्यात भर घालतं.

हे मी त्या पोरीला उद्या तोंडी सांगू शकतो. पण मग तिनं पुस्तकाऐवजी माझ्यावर विश्वास ठेवायचा, एवढंच होईल. मला तिच्या हातात दुसरा लोलक द्यायचाय. माझा आहे, देवघराच्या खणात. तुझा पाठव. बाजारात मिळतो हे मलाही माहीत आहे, पण प्रश्न पहिल्यांदा तू विचारला होतास.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिरंजीव बेंगळुरूला रुळले का? घराच्या कामाचं सविस्तर लिही.

रविवारी मामा तुमच्याकडून इकडे निघतायत, त्यांच्याजवळ दे. जुन्या मोज्यात गुंडाळ, कड उडायला नको. सोमवारी तिसऱ्या तासाला प्रयोगशाळेच्या खिडकीत ऊन असतं.

तुझा,
दिन्या