जुनी बंदूक मोडीत काढण्याआधी कुणीतरी ती नीट बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी दसऱ्याच्या आसपास तुमच्या पेपरात शस्त्रपूजनाचे फोटो येतात. तलवारी, भाले, दांडपट्टे, सगळं बघून छान वाटतं. पण खेड्यातल्या घरांमधल्या ज्या जुन्या बंदुका कायदा बदलल्यामुळे २०२० पासून एकेक करत जमा होऊन गेल्या त्यांच्याबद्दल कुठे चार ओळी आलेल्या मला तरी दिसल्या नाहीत. म्हणून हे लिहितोय. पत्र लांबलंय, कापलंत तरी चालेल, फक्त कायद्याचा भाग ठेवा कारण तो लोकांना माहीतच नाहीये आणि आमचं नुकसान त्यामुळेच झालं.

आमचं मूळ घर संगमेश्वर तालुक्यात. पडवीच्या भिंतीला तीन खुंट्या आणि त्यावर तीन बंदुका, सगळ्या बाबांच्या लायसनवर. एक आजोबांची घोड्यांची दुनळी बारा बोअर, एक बावीसची रायफल आणि एक ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, ती पणजोबांच्या वेळची. लहानपणी आम्हाला दुनळीचं आकर्षण, ठासणीची म्हणजे अडगळ वाटायची. लांबलचक, आमच्या डोक्यापेक्षा उंच, वजन चार किलोच्या वर, उचलून खांद्याला लावली तरी टोक खाली यायचं. बाबा मात्र तिलाच जपायचे. भात तयार झालं की वानरं आणि डुकरं यायची, तेव्हा बाबा रात्री नुसता दारूचा बार काढायचे, गोळी नाही छर्रे नाही, वरनं नारळाचा काथ्या ठासायचे आणि तो जळका काथ्या सकाळी आम्ही अंगणात शोधायचो. त्या बाराचा आवाज दुनळीसारखा खाडकन नसतो, धप्प असा जड असतो, आणि धूर इतका की बाबाच दिसेनासे व्हायचे.

दुसऱ्या दिवशीचं काम माझं. काळ्या दारूचा साका नळीत राहिला तर तो हवेतलं पाणी ओढतो आणि कोकणातल्या हवेत दोन दिवसांत गंज धरतो, म्हणून चुलीवर उकळतं पाणी करायचं, नरसाळ्याने नळीत ओतायचं, काळंकुट्ट पाणी, कुजक्या अंड्यासारखा वास, पाणी पांढरं येईपर्यंत ओतायचं. मग गजाला चिंधी गुंडाळून आत-बाहेर आणि शेवटी खोबरेल तेलाचा हात. बाबा एक गोष्ट नेहमी दाखवायचे. रायफलच्या नळीत गज घातला की तो जाता जाता हातात आपोआप फिरतो, कारण आत आटे, म्हणजे स्क्रूसारख्या फिरत जाणाऱ्या खाचा, असतात. ठासणीच्या नळीत तो सरळ जायचा, अजिबात फिरायचा नाही. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं, वारशाने आलेली असली तरी दोनच. जास्तीची एका वर्षात पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक डीलरकडे जमा करायची. ते वर्ष म्हणजे नेमकं लॉकडाऊनचं. मी पुण्यात अडकलेलो, बाबा गावी एकटे, वय ७८. सगळ्यांनी सल्ला दिला की दुनळी आणि रायफल ठेवा, ती ठासणीची देऊन टाका, ती कशाला हवी आता. बाबांनी फोनवर मला विचारलं आणि मीच हो म्हणालो. हे लिहिताना आजही वाईट वाटतं. बाबांनी ती पुसली, तेल लावलं, गोधडीत गुंडाळली आणि रिक्षाने नेऊन दिली. पावती मिळाली, त्यावर 'जुनी ठासणीची बंदूक, १ नग' एवढंच. लांबी नाही, खुणा नाहीत, फोटो नाही.

२०२२ ला बाबा गेले. कागद आवरताना खंडेनवमीचा एक जुना फोटो सापडला, तिन्ही बंदुका पाटावर आणि झेंडूच्या माळा. मी तो मोठा करून बघितला तर ठासणीच्या बंदुकीच्या घोड्याशेजारच्या पट्टीवर मुकुट कोरलेला दिसला, शेजारी इंग्रजीत टॉवर असं नाव आणि १८५९ साल. नळी लाकडाला तीन कड्यांनी बांधलेली. जुन्या बंदुकांचा अभ्यास असलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांना फोटो पाठवला, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, नळीत आटे होते का? मी म्हटलं नाही, गज सरळ जायचा. ते फोनवर थोडा वेळ गप्पच झाले.

त्याचं कारण सांगतो, कारण हा इतिहास आपला आहे. १८५७ ला ज्या काडतुसांवरून भडका उडाला ती एनफिल्ड रायफलची. ती पण ठासणीचीच, नळी .५७७ इंची, आत तीन आटे, त्यामुळे गोळी फिरत जायची आणि लांबवर नेम धरता यायचा. बंड मोडल्यावर इंग्रजांनी ठरवलं की हिंदी शिपायाच्या हातात इतकं चांगलं हत्यार द्यायचं नाही. म्हणून १८५८ पॅटर्नची बंदूक काढली, बाहेरून दिसायला हुबेहूब एनफिल्ड, पण नळी .६५६ इंच, आतून गुळगुळीत, आटे नाहीत, आणि नेम धरायचं मागचं साईट वरखाली न होणारं, एकाच जागी पक्कं. म्हणजे शंभरेक यार्डांच्या पुढे नेमाचा भरवसाच नाही. आपल्या माणसांवरचा अविश्वास त्या नळीत कोरून ठेवलाय, किंवा खरं म्हणजे कोरायचाच टाळलाय. पुढे १८७८ चा आर्म्स ॲक्ट आला तोही त्याच भीतीतनं. ही गोष्ट शाळेत आम्ही पुस्तकात वाचली, आणि घरात ती खुंटीवर टांगलेली होती. मी तिला दहा वर्षं गरम पाणी घातलं आणि मला कळलं नाही.

मी संबंधित कार्यालयात गेलो. लोक वाईट वागले नाहीत, चहा पण दिला. पण उत्तर एकच, जमा झालेल्या हत्यारांची यादी मंजूर होऊन नाश केला, तुमची त्यात होती. म्हणजे कापून भंगार. कापण्याआधी कुणी जाणकाराने बघितली होती का विचारलं तर म्हणाले तशी पद्धत नाही.

आता कायदा. १९५९ च्या मूळ शस्त्र कायद्यातच कलम ४५ आहे, त्यात स्पष्ट आहे की जुन्या घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागूच नाही. त्याच्यापुढे फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे बाबांनी बंदूक द्यायच्या कितीतरी महिने आधी, केंद्रीय गृह मंत्रालयाने नियम बदलले आणि 'क्युरिओ', म्हणजे संग्रही ठेवायची जुनी वस्तू, या प्रकारात बसणारी जुनी हत्यारं भारतीय नागरिकाला विनापरवाना जवळ ठेवता येतील असं केलं. ती वापरायची असतील, घेऊन फिरायची किंवा कुठे न्यायची असतील तर लायसन लागतं आणि लायसनवर नोंद नसेल तर काडतूस-दारू मिळत नाही, आणि तेही बरोबरच आहे. आमची बंदूक त्या प्रकारात बसली असती की नाही हे मी घरबसल्या ठरवणार नाही, ते ठरवायला अधिकारी आहेत. पण ते ठरवलंच गेलं नाही ना! बाबांना कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही, जमा करून घेणाऱ्यालाही ते माहीत नव्हतं. दोनपेक्षा जास्त आहेत ना मग द्या एक, एवढंच.

कुणी म्हणेल एका गंजक्या बंदुकीचं काय एवढं. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून लोकांच्या घरातले दिवे, अडकित्ते, हत्यारं गोळा केली तेव्हाही लोक असंच म्हणाले असतील, आज तेच बघायला पुण्यात बाहेरगावाहून माणसं येतात. जपानात जुन्या तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने बार उडवायच्या, बंदुकीची नोंदणी त्या त्या प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे असते, कारण ती वस्तू ते वारसा म्हणून बघतात, आणि उत्सवात चिलखत घालून लोक त्या बंदुकांचे बार काढतात सुद्धा. आपल्या शेजारी कर्नाटकात कोडगूमध्ये कैलपोढ सणाला बंदुकीची पूजा होते आणि मग नारळावर नेम धरायच्या स्पर्धा होतात. तिथल्या लोकांना लायसनमधून असलेली सवलत केंद्राने २०२९ पर्यंत वाढवलेली आहे. आपल्याला तशी सवलत नकोय, माझी ती मागणी नाही.

मागणी साधी आहे. जमा झालेलं प्रत्येक ठासणीचं किंवा शंभर वर्षांच्या वरचं हत्यार तोडायच्या आधी पुरातत्त्व खात्याच्या नाहीतर एखाद्या वस्तुसंग्रहालयाच्या माणसाने एकदा डोळ्यांनी बघावं, फोटो आणि मापं घ्यावीत, आणि मोलाचं असेल तर निकामी करून संग्रहालयाला द्यावं नाहीतर घरच्यांना परत द्यावं. पावतीवर खुणा लिहाव्यात. आणि क्युरिओचा नियम मराठीत छापून प्रत्येक ठाण्यात भिंतीवर लावावा, ह्याला कितीसा खर्च येतो? निवडणुकीच्या वेळी बंदुका जमा करून घेतात तेव्हाही त्या पावसाळी हवेत विनातेलाच्या पडून राहतात, निदान तेल लावायची परवानगी मालकाला द्या.

आणखी एक, नेमबाजीचं. स्वप्निल कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ब्राँझ आणलं तेव्हा अख्खा महाराष्ट्र नाचला, बालेवाडीला चांगली रेंज आहे, वरळीला आहे. जगात ठासणीच्या बंदुकांच्या रीतसर वर्ल्ड चॅम्पियनशिप होतात, अस्सल जुन्या बंदुकांचा गट वेगळा आणि नव्याने घडवलेल्यांचा वेगळा, अर्ध्या तासात १३ बार आणि त्यातले चांगले १० मोजायचे. धावपळ नाही, प्रत्येक बार ठासून, श्वास धरून. लायसन असलेल्यांना तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वर्षातनं एक दिवस आपल्या रेंजवर हे करता आलं तर किती मुलांना कळेल की नेमबाजी कुठनं आली.

मात्र वाचकांना हात जोडून विनंती, घरातली जुनी बंदूक तपासल्याशिवाय स्वतः वाजवून बघू नका. माझ्या चुलत्यांनी त्यांच्या दुनळीत आजकालचं काडतूस घातलं होतं. त्या नळीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी होती, म्हणजे दमास्कस, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली, काळ्या दारूच्या दाबासाठी केलेली. शिवाय जुन्या दुनळ्यांचं काडतुसाचं घर बऱ्याचदा ६५ मिलिमीटरचं असतं आणि आजचं काडतूस ७० चं, ते आत बसतं पण उडताना तोंड उघडायला जागा राहत नाही आणि दाब वाढतो. नळी डाव्या हाताच्या वर फुटली. बोटं वाचली पण तळव्यावरचा व्रण शेवटपर्यंत राहिला. आधी जाणकार बंदूक दुरुस्तीवाल्याला दाखवा, लायसनचं बघा, आणि जमा करायची वेळ आलीच तर आधी खुणांचे जवळून फोटो काढून ठेवा.

आमच्याकडे आता तिचा गज तेवढा आहे. साफ करायला काढलेला, माळ्यावर राहिला आणि जमा करताना बाबांच्या लक्षात आला नाही. लोखंडी, साधारण हातभर अधिक दोन वीत, एका टोकाला अजून चिंधीचा तुकडा अडकलेला. ह्या खंडेनवमीला बायकोने विचारलं पाटावर काय काय ठेवायचं, मी दुनळी ठेवली आणि शेजारी गज ठेवला.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे