जुलैत न सापडणारी मुले

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळाबाह्य मुलांच्या शोधमोहिमेची बातमी आली की मी आधी तारीख बघते. राज्यभर एका दिवसात झालेले सर्वेक्षण 4 जुलै 2015 चे. 2022 चे ‘मिशन झिरो ड्रॉपआउट’ही जुलैतलेच. आमच्या रायगडातल्या कुठल्याही कातकरी वाडीवर जुलैत जा, मुले घरी असतात. लावणीचे दिवस असतात, हजेरीपटावर नाव असते, दुपारी खिचडीच्या रांगेत ती ताटली घेऊन उभी असतात. मग शाळाबाह्य म्हणून नोंदवणार कुणाला? दिवाळी उरकली की हीच मुले आईबापांबरोबर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. अर्धे शाळावर्ष तिकडेच जाते.

अशाच एका भट्टीवर भेटलेल्या मुलीविषयी हे पत्र आहे. वय नऊ-दहा. आई साच्यातून कच्च्या विटा पाडत होती, ही आधीच्या रांगेतल्या विटा उन्हाकडे उलथत होती. धाकटा भाऊ बाजूला फडक्यावर निजला होता, तो उठला की त्यालाही तीच सांभाळणार. मी काही विचारण्याआधी तिनेच विचारले, “बाई, माती काळी, मंग वीट लाल कशी होते?” मी सांगितले की मातीत लोखंडाचा अंश असतो, जाळ आणि हवा मिळाली की तो तांबडा होतो. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “मंग मधली एखादी वीट फोडली तर आत काळी का दिसते?” वरच्या वर्गातली मुलेसुद्धा असा उलटा प्रश्न सहसा विचारत नाहीत. जिथे हवा पोचत नाही तिथे लोखंडाचा अंश तांबडा होत नाही, हे उत्तर ती जवळजवळ स्वतःच काढून मोकळी झाली. हीच मुलगी कागदोपत्री चौथीत आहे आणि वाचताना प्रत्येक जोडाक्षरापाशी अडते. बुद्धी कमी म्हणून नव्हे. शिकवायला समोर कुणी नसते म्हणून.

“त्यांना शिक्षणाचे महत्त्वच नाही” हे वाक्य मी नोकरीभर ऐकले आणि दर वेळी मला त्याची चीड आली. त्या मुलीचा बाप मला म्हणाला, “हिला वाडीवर ठेवू, पण कुणापाशी, बाई? म्हातारी पण इथंच हाय.” पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला सगळे घर बाहेर पडते. भट्टीवर नवरा-बायकोची ‘जोडी’ धरली जाते आणि मजुरी हजार विटांमागे ठरते. मुलीने उलथलेल्या विटा त्याच हजारात जातात, तिचे नाव कुठल्याही हिशोबात येत नाही. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित आदिवासी गटात मोडतात. खैराचा कात पाडून जगणाऱ्या कातकऱ्यांचे जंगल गेले, हाती जमीन आली नाही. त्यांनी भट्टीवर जायचे नाही तर कुठे?

कायदा मात्र या मुलीच्या बाजूने आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर आहे. दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतर करताना सोबत न्यायला, नव्या शाळेत दाखवायला शिक्षण हमी पत्रकही आहे. तरी भट्टीजवळच्या शाळेत आधार मागतात, ऑनलाइन नोंद आधी वाडीच्या शाळेतून सुटू दे म्हणतात. तिकडची शाळा नोंद सोडायला कचरते, कारण पट घसरला तर शाळाच राहील की नाही याची धास्ती. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांची, म्हणजे अशा लहान शाळा एकत्र करण्याची, चर्चा सुरू झाल्यापासून तर ती वाढलीच आहे. मी त्या शिक्षकांना दोष देणार नाही, पण यात पोर दोन्ही शाळांना मुकते.

हंगामी वसतिगृहे आहेत आणि मोठ्या मुलांना त्यांचा उपयोगही होतो. सात-आठ वर्षांच्या मुलीला मागे ठेवायला आई धजत नाही. आश्रमशाळांतल्या आजारपणाच्या आणि मृत्यूच्या बातम्या वाडीवरही पोचतात.

बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या कोसबाडला हा प्रश्न कधीच ओळखला होता. गुरे राखणारी वारली मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी कुरणावरच शाळा नेली, ती कुरणशाळा. पुढे वसईकडे वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा चालल्या. म्हणजे हे जमते. अडचण एवढीच की अशी कामे कुणाच्या तरी ध्यासावर चालतात, सरकारच्या वेळापत्रकात त्यांना जागा नाही.

माझे मागणे फार मोठे नाही. शोधमोहीम दर वर्षी जानेवारीत घ्या आणि ती भट्ट्यांवर घ्या. चार-पाच भट्ट्या मिळून हंगामापुरता एक शिक्षक द्या, शक्यतो कातकरी बोली जाणणारा. वाडीवर आता बारावी झालेली मुले-मुली आहेत, त्यांना मानधन देऊन हे काम सोपवता येईल. शेजारी लहानग्यांसाठी पाळणाघर हवेच, नाहीतर मोठी बहीण वर्गात बसणार कशी? भट्ट्या शोधत फिरायचीही गरज नाही. वीटमाती गौण खनिजात येते, तिची परवानगी महसूल खाते देते, म्हणजे परवानाधारक भट्ट्यांची माहिती तहसील कचेरीत आहेच. ती दिवाळीनंतर लगेच गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जायला हवी. आणि येत्या जानेवारीत आपल्या वार्ताहरांनी पेण, कर्जत, सुधागडकडच्या भट्ट्यांवर शाळेच्या वेळेत जाऊन तिथे किती मुले दिसतात ते छापावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, पेण (जि. रायगड)