'केव्हा' की 'तेव्हा'? इंग्रजी उपवाक्यातलं 'विल'

संपादक महोदय,

स्पर्धा परीक्षांसाठी इंग्रजीचा एक नियम मुलांकडून हमखास घोकून घेतला जातो: 'इफ' आणि 'व्हेन' नंतर 'विल' येत नाही. इंदूरच्या भंवरकुआँ भागात क्लासला जाणारी आपली मराठी मुलंही तो झोपेत म्हणून दाखवतील. नियम अर्धाच खरा आहे. 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम' हे वाक्य बिनचूक असताना नियमाच्या धाकाने 'विल कम' खोडून 'कम्स' केलं जातं आणि हातचा गुण जातो.

मराठी मुलांना हे घोकायची खरं तर गरजच नाही. इंग्रजीचा एकच 'व्हेन' मराठीने आधीच दोन शब्दांत वाटून ठेवलाय. 'तो केव्हा येईल, मला माहीत नाही' यात 'केव्हा' म्हणजे प्रश्न आहे. तिथे 'विल' राहू द्यायचं. 'तो येईल तेव्हा सांगेन' यात प्रश्न नाही, नुसती वेळ आहे. तिथे 'व्हेन ही कम्स'. 'टेल मी व्हेन ही विल कम' म्हणजे केव्हा येणार ते आत्ता सांग. 'टेल मी व्हेन ही कम्स' म्हणजे आला की सांग. 'इफ'चंही तसंच: मराठीत 'येईल की नाही' बसत असेल तर 'विल', 'आला तर' बसत असेल तर साधा वर्तमानकाळ. 'आफ्टर', 'बिफोर', 'अंटिल', 'ॲज सून ॲज' प्रश्न विचारतच नाहीत, म्हणून त्यांच्यामागे भविष्याचं 'विल' नाही. भविष्यकाळ मुख्य वाक्यात एकदा सांगितला की इंग्रजीला तेवढा पुरतो.

इंदूरच्या मुलांची अडचण जरा वेगळी आहे, कारण घरात मराठी आणि बाहेर हिंदी. 'वो आएगा तो' डोक्यात असेल तर 'इफ ही विल कम' लिहिलं जातं. 'तो आला तर' असेल तर 'इफ ही केम'. दुसरी चूक जास्त महागात पडते. मराठीतलं 'आला' इथे भूतकाळाचं नाही, येण्याची शक्यता पुरती उघडी आहे. इंग्रजीत मात्र 'इफ ही केम, आय वुड गो' म्हटलं की तो बहुधा येणार नाही असा सूर लागतो. 'जोपर्यंत तो येत नाही' मधला 'नाही'सुद्धा असाच मागोमाग जातो आणि 'अंटिल ही डझ नॉट कम' तयार होतं. 'अंटिल'च्या पोटात तो 'नाही' आधीच आहे. 'अंटिल ही कम्स' एवढंच पुरे.

आता मुख्य क्रियापद भूतकाळी असलं तर. मराठी माणूस दुसऱ्याचं बोलणं त्याच्याच काळात उचलतो: 'दादा म्हणाला, पोहोचलो की फोन करतो.' इंग्रजीत 'दॅट'ने जोडलं की सगळं एक पायरी मागे सरकतं: 'दादा सेड दॅट ही वुड फोन व्हेन ही रीच्ड.' 'करतो'चं 'वुड फोन' झालं, आणि 'व्हेन'मागे 'वुड रीच' आलं नाही, कारण इथेही तो 'तेव्हा'वालाच 'व्हेन' आहे. 'पोहोचलो' आणि 'रीच्ड' दोन्ही भूतकाळी दिसतात म्हणून शब्दाला शब्द जुळला असं वाटतं, पण तो निव्वळ योगायोग. 'सेड'च्या जागी 'सेज' घालून बघा: 'दादा सेज दॅट ही विल फोन व्हेन ही रीचेस.' मराठीत 'पोहोचलो' हललंसुद्धा नाही.

पृथ्वी गोल असण्यासारख्या गोष्टींना ही पायरी लागू नाही, हे बहुतेक पुस्तकांत असतं. सांगितलेली गोष्ट आजही खरी असेल तर वर्तमानकाळही चालतो, हे मात्र राहून जातं: 'शी सेड शी लिव्ज इन इंदूर' यात चूक नाही. परीक्षेत पर्याय निवडायचा असेल तर भूतकाळावर खूण करणं सुरक्षित, पण तोंडी असं बोलणाऱ्याला शिक्षकांनी टोकू नये.

राहिलं ते 'इफ यू विल वेट अ मिनिट'. हे 'विल' काळाचं नव्हे, मर्जीचं: जरा थांबाल का, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षेत क्वचितच येतं, दुकानाच्या काउंटरवर मात्र सहज कानावर पडतं.

– इंग्रजी शिकवणारे काही जण, इंदूर