पिपचा मूळ शेवटच बरा होता

महोदय,
इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्सवरचा रविवारचा लेख आवडला. मात्र त्याच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या कादंबरीचा (१८६०-६१) शेवट बदलला गेला, हे त्यात यायला हवे होते. मूळ मसुद्यात, नायक पिपचे जिच्यावर प्रेम आहे ती विधवा एस्टेला एका डॉक्टरशी लग्न करते आणि पुढे पिपला लंडनमध्ये ओझरती भेटते, बस्स! लेखकमित्र बुल्वर-लिटन यांनी गळ घातली, म्हणून डिकन्सने तो गोड केला. मला कोरडाच पटतो.

तसेही कादंबरीतला खरा माणूस म्हणजे ‘जो’ नावाचा लोहार, पिपच्या बहिणीचा नवरा. पिपला त्याची लाज वाटते; पण आजारपणात शुश्रूषा तोच करतो, गुपचूप पिपचे कर्जही फेडतो. डिकन्सचे वडील कर्जापायी तुरुंगात गेले होते, बाराव्या वर्षी पोराला बूटपॉलिशच्या कारखान्यात राबावे लागले. तरी ही कर्जफेड त्याने एखाद-दोन ओळींत उरकली आहे.

– एक वाचक, सातारा