गोधडीसाठी तुझ्याकडचं एक कापड हवंय

परळ, मुंबई

प्रिय शुभे,

"मुंबईच्या उकाड्यात गोधडी कशाला?" असं फोनवर विचारलंस. अगं, आपल्या चाळीत गोधडी पांघरायची कधी? ती अंथरायची. दहा बाय बाराच्या खोलीत दिवसभर गुंडाळी खाटेखाली आणि रात्री गॅलरीत पसरली की झोपायची सोय झाली. रात्रपाळीहून आलेली माणसं सकाळी तिच्यावरच आडवी व्हायची. मीही अंथरायचीच शिवतेय. जाड, सुती, अंगाखाली न सरकणारी.

आईच्या ट्रंकेतलं बोचकं अखेर सोडलं. एवढ्या कपड्यांवर बोहारणीने दोन डबे सहज दिले असते, पण आईने राखून ठेवलंय! दोन नऊवारी लुगडी, बाबांचा सदरा, माझा खणाचा परकर आणि ते लाल ठिपक्यांचं कापड. आठवतंय? बाबांनी दिवाळीला मिलच्या दुकानातून अख्खा तागा आणला होता. माझा फ्रॉक, दादाचा शर्ट, उश्यांचे अभ्रे, मोरीचा पडदा, सगळं त्याच ठिपक्यांचं. दादा पडद्यापुढे उभा राहिला की नुसतं मुंडकं दिसतं, असं तूच चिडवायचीस. आणि मग उरलेल्या कापडाचा फ्रॉक तुलाच घालावा लागला!

१९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप लागला. त्या वर्षीच्या दिवाळीला तागा कुठला! दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसलेले. आईने माझ्या त्याच फ्रॉकची खालची दुमड उसवली आणि फ्रॉक चार बोटं लांब केला. शुभे, ती रेघ अजून दिसते. रेघेच्या वरचे ठिपके विटून गुलाबी झालेत, खालचे, जे दुमडीत होते, ते लालभडक. तो तुकडा मी बरोब्बर मधोमध घेतलाय, रेघेसकट.

भाचीला हे पटत नाही. तिचं म्हणणं, गिरणीची चिमणी कापून लाव, लालबागचा राजा लाव, म्हणजे भिंतीवर टांगता येईल. मी म्हटलं, गिरणीचं कापडच हातात असताना चिमणीचं चित्र कशाला? आणि टांगायची कशाला? तिच्यावर लोळायचं, चहा सांडायचा.

आतले थर लुगड्यांचे. एका नऊवारीचे चार तुकडे करायचे, दोन-दोन शेजारी जोडायचे, की मोठ्या गोधडीचे दोन थर निघतात. वर ठिगळांची मांडणी, मग सगळं जमिनीवर ताणून पसरायचं, कच्चे टाके घालायचे आणि कडेने धावदोरा धरून गोल गोल आत यायचं. दोन ओळींत बोटभर अंतर. मशीन नको. विरलेलं कापड त्याखाली फाटतं, चुण्याही पडतात. गुडघे बोलतात, पण दुपार कशी सरते कळत नाही. शाळेचा टेरिकॉटचा गणवेशही सापडला होता, तो बाजूला ठेवला. सुई घसरते आणि घामही टिपत नाही मेला. हिंदमाताला जाऊन नवं सुती कापड आणता येईल, पण नवं आणि विरलेलं एकत्र शिवलं की पहिल्या धुण्यात नवं आटतं आणि जुन्याला ओढतं.

तर मुद्दा असा, की एका कोपऱ्याला कापड कमी पडतंय आणि तिथे मला तुमच्या घरचं हवंय. काकांचा निळ्या पट्ट्यांचा लेंगा असेल तर उत्तम, गॅलरीत पेपर वाचताना तोच असायचा. नसेल तर काकूंच्या लुगड्याचा काठ चालेल. वीतभर पुरे. फाटका असला तरी चालेल, फक्त धुऊन पाठव. इस्त्रीच्या भानगडीत पडू नकोस आणि "शोधते" म्हणून दिवाळीपर्यंत लोळत ठेवू नकोस, तुला मी ओळखते. नाशिकहून कोणी येत असेल तर त्याच्याकडे दे, नाहीतर पोस्टाने.

सासूबाईंना नमस्कार. त्यांचा पाय कसा आहे ते कळव.

तुझी,
विजू