या सत्रात पाठीशी उभ्या राहिलेल्या सर्वांचे आभार

परीक्षा, क्रीडास्पर्धा आणि सहल यंदा एकापाठोपाठ आल्या. शाळा सुटतानाची दहा-पंधरा मिनिटं मला सगळ्यात जास्त काळजीची वाटतात. त्या वेळी रोज गेटवर येऊन गाड्या लांब थांबवायला लावणाऱ्या, ओळख पटल्याशिवाय मूल कोणाच्याही हाती न देणाऱ्या पालकांचे मुख्याध्यापिका म्हणून मी मनापासून आभार मानते. घाईत असलेल्यांची बोलणीही तुम्ही शांतपणे ऐकून घेतलीत.

सहलीत बसमध्ये चढताना-उतरताना प्रत्येक वेळी नावं पुकारून हजेरी घेणाऱ्यांचेही आभार. नुसती डोकी मोजली तर एक कमी आहे एवढंच कळतं, कोण राहिलं ते नाही.

आजारी सहकाऱ्याचा तास आपणहून घेणारे शिक्षक, जिन्यावर सांडलेलं पाणी दिसताक्षणी पुसणाऱ्या मावशी, तुम्हालाही धन्यवाद. दमलेल्या शिक्षकाला कौतुकाच्या भाषणापेक्षा डोक्यावरचं एक काम कमी झालं की जास्त हुरूप येतो, हे या सत्रात मी रोज पाहिलं. म्हणूनच पुढच्या वेळापत्रकात प्रत्येक शिक्षकाचा रोजचा एक तास मोकळा ठेवते आहे, आणि तो बदली तासासाठी घेतला जाणार नाही.