काचेचा मणी भट्टीत जाऊ द्या

संपादक महोदय,

सुट्टीतल्या छंदवर्गांत आता गॅसच्या ज्योतीत काचेची कांडी वितळवून, ती सळईवर गुंडाळून काचेचे मणी घडवायलाही शिकवतात, ही चांगली गोष्ट. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली झालेल्या उत्खननात काचेचे मणी आणि बांगड्या निघाल्या होत्या, तेव्हा आपले गाव काचेला नवखे नाही. पण काही ठिकाणी तयार मणी वर्मिक्युलाइटमध्ये, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिज दाण्यांत, पुरतात आणि दुसऱ्या दिवशी ज्याचा त्याला देऊन टाकतात. इथेच घोडे पेंड खाते.

ज्योतीबाहेर आलेल्या मण्याची वरची काच आधी घट्ट होते, आतली मागाहून आकसते आणि हा ताण आतच अडकून पडतो. मणी दिसतो सुरेख. मग आठवड्याने, कधी सहा महिन्यांनी, नुसता ठेवलेल्या जागीही तडकतो. वर्मिक्युलाइटने मणी सावकाश निवतो एवढेच, ताण जात नाही. त्यासाठी भट्टीच लागते. १०४ प्रसरणांकाच्या (तापल्यावर काच किती फुगते, त्याचा हा आकडा) मऊ काचेला ५१० ते ५२० अंश सेल्सियसवर अर्धा ते एक तास ठेवायचे, मग ताशी साठेक अंशांनी ३७० पर्यंत उतरवायचे आणि भट्टी बंद करून, दार न उघडता, निवू द्यायची. निवालेले मणी नंतर भाजले तरी चालते. मात्र ते थंड भट्टीत ठेवून हळूहळू तापवावेत.

भट्टी असूनही मणी फुटत असेल, तर काचांचा मेळ तपासावा. बाटलीची काच, बांगडीचे तुकडे आणि विकतची कांडी एकाच मण्यात घालणे हा हमखास फसण्याचा मार्ग. दोन काचा शेजारी शेजारी जोडून, वितळवून तार ओढावी. थंड झाल्यावर ती वाकली, तर त्या दोघींचे जमत नाही. प्रयोगशाळेतल्या भांड्यांच्या बोरोसिलिकेट काचेचा प्रसरणांक ३३, म्हणजे ती या पंक्तीतलीच नव्हे.

पावसाळ्यात दुसरे दुखणे. मणी चिकटू नये म्हणून स्टीलच्या सळईवर केओलिन (चिनी माती) आणि अॅल्युमिनाचा लेप देतात, तो कोल्हापूरच्या दमट हवेत आतून ओला राहतो. ज्योतीत धरताच त्याचे पापुद्रे सुटतात आणि मणी सळईवर गरगर फिरतो. लेप पातळच द्यावा आणि पूर्ण वाळवावा. छिद्राच्या कडा टोकदार निघत असतील, तर लांबीच्या मानाने काच कमी पडली आहे. अशी कड मणी ओवणाऱ्या पटवेकऱ्याचा रेशमी गोफही कापते. छिद्र हिऱ्याच्या कानशीने पाणी लावूनच घासावे. कोरडी भुकटी नाकात जाणे वाईट.

डोळ्यांना तापलेल्या काचेची पिवळी चकाकी अडवणारा डिडिमियमचा चष्मा लावावा, खोलीत धूर ओढणारा पंखा असावा, गॅसची टाकी बाहेर ठेवावी. फिरोजी रंग लालसर-राखी पडला, तर ज्योतीत ऑक्सिजन कमी आहे एवढे समजून घ्यावे.

प्रत्येकाने भट्टी विकत घेणे परवडणारे नाही, हे कळते. पण दळण आपण गिरणीतच टाकतो ना? वर्ग चालवणाऱ्या चार-पाच जणांनी मिळून एक भट्टी ठेवावी आणि आठवड्यातून एक वार ठरवून सगळ्यांचे मणी एकदम भाजावेत. मण्यांच्या ताटलीवर नाव आणि काचेचा प्रकार लिहावा. भाडे मण्यांवर घेऊ नये, तासांवर घ्यावे. मणी दहा असोत की शंभर, वीज तेवढीच जळते.

– मणीकाम करणारे काहीजण, कोल्हापूर